अर्ध्या सुताची चूक

माझ्या पहिल्या इंजिनवाल्या मॉडेल विमानाला इंजिनाचा माउंट बसवायला चार भोकं पाडायची होती. तीन जागेवर पडली, चौथं अर्धा सूत सरकलं. अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. तेव्हा आकुर्डीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप होतं. तिथल्या फिटर मामांना विचारलं, "कानशीनं भोक लांबवू का?"

"लांबवलंस तर स्क्रू हलत राहील," मामा म्हणाले. "आणि शेजारी नवं पाडायला गेलास तर ड्रिल जुन्या भोकात घसरेल. ते मऊ बाजूलाच पळतं. आधी सगळं एकसारखं टणक कर, मग पाड."

या छंदाचा इतिहास थोडक्यात: १८७१ साली अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणानं रबराच्या पिळावर उडणारं छोटं विमान पॅरिसमध्ये उडवून दाखवलं. १९४७ च्या सुमारास अमेरिकेत रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि मेथेनॉलवर चालणारी छोटी इंजिनं हौशी लोकांच्या हाती आली.

आता मुद्द्याचं. साडेसहा सीसीचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे सहज घेतं, म्हणजे सेकंदाला दीडशेहून जास्त धक्के. ते सगळे सोसायचे फायरवॉलनं, म्हणजे नाकातल्या पाच-सहा मिलिमीटरच्या प्लायनं. लांबट भोकात स्क्रू रोज थोडा सरकतो, इंजिनाची दिशा बदलते आणि विमान एका अंगाला ओढतं.

म्हणून चुकलेलं भोक आधी सहा मिलिमीटरचं, स्वच्छ गोल करावं. त्यात टणक लाकडाची खुंटी बसवावी. बाल्साची चालत नाही, ती फार मऊ. खुंटीला उभी खाच पाडली की आतली हवा आणि जादा गोंद बाहेर येतो. तीस मिनिटांचं इपॉक्सी लावावं आणि पुरता एक दिवस हात लावू नये. विमान उडवलेलं असेल तर आधी प्लाय अ‍ॅसिटोननं पुसून कोरं लाकूड दिसेपर्यंत घासावं. इंधनातलं एरंडेल मुरलेल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही.

खुंटी पॉलिश पेपरनं सपाट केली की मामांची युक्ती. माउंट तीन बरोबर भोकांवर स्क्रूनं कसायचा आणि चौथं भोक माउंटच्याच भोकातून पाडायचं. माउंटच जिग होतो, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा साचा! आधी माउंटच्या भोकात घट्ट बसणाऱ्या ड्रिलनं फक्त खूण करायची, मग माउंट काढून दीड मिलिमीटरच्या ड्रिलनं आरपार जायचं आणि मापापर्यंत वाढवायचं. स्क्रू ज्यात आवळतो तो प्लायमागचा टी-नट ठोकू नये, स्क्रू आवळत आत ओढून घ्यावा. शेवटी उघड्या लाकडावर इपॉक्सीचा पातळ हात. अ‍ॅल्युमिनियमच्या माउंटलाही नियम तोच: चुकलेल्या भोकात टॅप फिरवून आटे पाडायचे, अ‍ॅल्युमिनियमचाच स्टड घट्ट बसवायचा, कानस मारायची, मग नवं भोक.

इथं चेतकची आठवण आल्याशिवाय राहत नाही. आकुर्डीच्या बजाज कारखान्याचं नाव ज्या स्कूटरनं घरोघरी नेलं, तिचा साचा इटलीच्या व्हेस्पाचा. आणि १९४६ साली बाजारात आलेल्या व्हेस्पाचे कर्ते कोर्रादिनो दास्कानियो हे विमान आणि हेलिकॉप्टरचे अभियंते. पुढचं चाक एकाच बाजूनं धरण्याची रचना विमानाच्या चाकांवरून आलेली. इंजिन उजव्या कुशीत, म्हणून तोल सांभाळायची सवय करून घ्यावी लागे. इंजिन कुठं आणि कसं बसतं यावर वाहनाचा स्वभाव ठरतो, हे आम्ही आकुर्डीकर शाळेत जायच्या आधीच, बाबांच्या स्कूटरवर पुढं उभं राहून शिकलो.

ते चौथं भोक भरलेलं विमान मी पुढं तीन वर्षं उडवलं. एकदा ते नाकावर आपटलं, पंख मोडला, पण माउंट जागचा हलला नाही. तेव्हा मुलांनो, भोक चुकलं तर प्लाय फेकू नका आणि भोक लांबवूही नका. खुंटी ठोका, एक दिवस थांबा आणि पुन्हा पाडा.