उसन्या बळाची भाषा

एका फोल्डरमधल्या शेकडो फायलींची नावं बदलायची, प्रत्येकीतला ठरावीक मजकूर दुरुस्त करायचा आणि शेवटी सगळ्यांची क्रमवार यादी काढायची. असं काम पुढ्यात आलं की ते हातानं करत बसावं लागतं, नाही तर प्रोग्रामर शोधावा लागतो. संगणक कंपन्या गेली काही दशकं अधूनमधून तिसरी वाट दाखवत आल्या आहेत. ज्याचं काम आहे त्यालाच ते चार ओळींत सांगता यावं, अशी छोटी स्क्रिप्टिंग भाषा.

या भाषांची गोष्ट सहसा सोपेपणाची म्हणून सांगितली जाते. मला ती उसनवारीची वाटते. अशा प्रत्येक भाषेचं स्वतःचं भांडार कधी ना कधी अपुरं पडतं. मग तिला व्यावसायिक प्रोग्रामरांसाठी बांधलेल्या क्लास लायब्ररीचं दार ठोठावावं लागतं. मजकूर, तारीख, यादी, फाइल, खिडकी, बटण अशा प्रत्येक गोष्टीसाठी तयार क्लास आणि त्या क्लासला करता येणारी कामं, असा या लायब्ररीचा संसार असतो. तिथून छोट्या भाषेला काय मिळतं आणि कोणत्या अटीवर मिळतं, याचा हा आढावा. त्यात मॅकवरची ॲपलस्क्रिप्ट मध्यभागी आहे आणि विंडोजवरची पॉवरशेल तुलनेसाठी.

वाचता येणारी भाषा

बिल ॲटकिन्सन यांचं हायपरकार्ड १९८७ साली आलं आणि त्यासोबत हायपरटॉक ही जवळजवळ इंग्रजी वाक्यांसारखी वाचता येणारी भाषा आली. शिक्षक, डॉक्टर, हौशी मंडळी त्यात स्वतःची छोटी सॉफ्टवेअरं करू लागली. १९९१ च्या सिस्टिम ७ मध्ये ॲपलनं ‘ॲपल इव्हेंट्स’ आणले. एका प्रोग्रामनं दुसऱ्याला निरोप पाठवून काम करून घ्यायचं, ही त्यामागची सोय. या निरोपांसाठी १९९३ साली जी भाषा आली ती ॲपलस्क्रिप्ट. ‘टेल ॲप्लिकेशन फाइंडर’ (फाइंडर म्हणजे मॅकवर फायली हाताळणारा प्रोग्राम) असं म्हणून सुरुवात करायची आणि खाली कामं सांगायची. कोणत्या प्रोग्रामला कोणते शब्द कळतात, हे तो प्रोग्रामच आपल्या शब्दसंग्रहातून सांगतो. म्हणजे मुळात ही भाषा मुद्दाम लहान ठेवलेली होती. काम करणारे दुसरे, ही फक्त मुकादम.

मासिकं आणि वर्तमानपत्रांच्या पानमांडणीच्या धंद्यात तिनं चांगलं बस्तान बसवलं. शेकडो पानांत तीच चौकट, तोच मथळा, तेच चित्रांचं माप बसवायचं काम क्वार्कएक्सप्रेस या पानमांडणीच्या प्रोग्रामकडून करून घेणाऱ्या स्क्रिप्टा तिथं रोजच्या वापरात होत्या. भाषेच्या रचनाकारांपैकी विल्यम कुक यांनी २००७ साली तिचा इतिहास लिहिला. नैसर्गिक भाषेसारखी प्रोग्रामिंगची भाषा करण्याचा प्रयोग यशस्वी झाला नाही, हे त्यात त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. वाचायला सोपी वाक्यं लिहायलाही सोपी असतात असं नाही. नेमकी कोणती इंग्रजी या भाषेला चालते, ते अनुभवानंच कळतं.

मुकादमाची खरी अडचण मात्र वेगळी होती. कामगार नसला की त्याचे हात रिकामे. ॲपलस्क्रिप्टला यादी क्रमानं लावण्याची आज्ञाच नाही. मजकुरातला नमुना ओळखणारी रेग्युलर एक्स्प्रेशन नाहीत. हजारो नोंदींची यादी हाताळताना ती दमते. त्यावरचा जुना उपाय म्हणजे ‘डू शेल स्क्रिप्ट’ म्हणायचं आणि युनिक्सच्या सेड, ऑक, पर्ल यांच्याकडून काम उरकून घ्यायचं. उपाय चालतो, पण त्यासाठी अवतरणचिन्हांच्या जंगलातून जावं लागतं.

शेजारची कोठी

दरम्यान त्याच यंत्रात एक भरलेली कोठी येऊन बसली होती. डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलनं स्टीव्ह जॉब्ज यांची नेक्स्ट ही कंपनी सुमारे ४० कोटी डॉलरना घेण्याचं जाहीर केलं. नेक्स्टच्या कार्यप्रणालीतून मॅक ओएस एक्स घडली आणि तिच्या क्लास लायब्ररीला कोको हे नाव मिळालं. यातलं ‘फाउंडेशन’ मजकूर, तारखा, याद्या, फायली सांभाळतं, तर ‘ॲपकिट’ खिडक्या आणि बटणं. क्लासांच्या नावांच्या सुरुवातीला आजही दिसणारी ‘एनएस’ ही अक्षरं नेक्स्टच्याच काळाची खूण आहेत. कोठीची भाषा ऑब्जेक्टिव्ह-सी. ॲपलस्क्रिप्टला तिथं थेट प्रवेश नव्हता.

पहिलं दार २००१ च्या अखेरीस उघडलं, ॲपलस्क्रिप्ट स्टुडिओच्या रूपानं. त्यात ‘कॉल मेथड’ अशी आज्ञा होती. तिच्यातून कोकोला निरोप पोचायचा, पण तो खिडकीतून चिठ्ठी सरकवल्यासारखा. २००९ च्या स्नो लेपर्ड या मॅक ओएस एक्सच्या आवृत्तीत ॲपलस्क्रिप्टऑब्जसी आली आणि छोट्या भाषेला कोकोचे क्लास स्वतःच्या वस्तूंसारखे वापरता येऊ लागले. अट एवढीच, की एक्सकोड या प्रोग्रामरांच्या साधनात पूर्ण ॲप बांधावं लागे. २०१३ च्या मॅव्हरिक्समध्ये ही सोय स्क्रिप्ट लायब्रऱ्यांत आली आणि २०१४ च्या योसेमिटीपासून कुठल्याही साध्या स्क्रिप्टमध्ये. सुरुवातीला ‘यूज फ्रेमवर्क फाउंडेशन’ अशी एक ओळ लिहिली की झालं. चार पावलांत दार पूर्ण उघडायला तेरा वर्षं लागली.

मिळालं काय? ‘एनएसॲरे’ हा क्लास यादी क्रमानं लावून देतो. फाइंडरप्रमाणे क्रम हवा, म्हणजे दुसरं प्रकरण दहाव्याच्या आधी यायला हवं, तर त्यासाठीही तयार तुलना आहे. ‘एनएसरेग्युलरएक्स्प्रेशन’ नमुने शोधतो. ‘एनएसफाइलमॅनेजर’ फायली हलवतो आणि फाइंडरला मध्ये घालत नाही. हा फरक वेगापुरता नाही. २०१८ च्या मोहावीपासून एका प्रोग्रामनं दुसऱ्याला निरोप पाठवण्याआधी वापरणाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. क्लासला स्क्रिप्टमधूनच हाक मारली, तर तो निरोप जातच नाही. पीडीएफकिट जोडून घेतलं, की पानं एकत्र करणं किंवा वेगळी काढणं हेही चार-सहा ओळींचं काम होतं.

मराठी मजकुराचा हिशेब

मराठी वाचकाला या कोठीचा सर्वांत थेट उपयोग देवनागरीच्या कामात होतो. ॲपलस्क्रिप्टमधला सगळा मजकूर युनिकोड झाला तो २००७ च्या लेपर्डमध्ये. आपल्याकडच्या प्रकाशकांच्या संग्रहात मात्र युनिकोडआधीच्या फॉन्टांत अक्षरजुळणी केलेला मजकूर अजूनही ढिगानं पडून आहे. तो बदलायचा तर नुसतं ‘शोधा आणि बदला’ पुरत नाही. त्या फॉन्टांत ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. ‘स्थिती’ या शब्दात पहिल्या वेलांटीला सबंध जोडाक्षर ओलांडून पलीकडे जावं लागतं. रफाराचं उलट आहे. ‘धर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘म’नंतर येतो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र’ आधी असतो. ‘वेलांटी, मग कितीही अर्धी व्यंजनं, मग एक पूर्ण व्यंजन’ असा नमुना ओळखून त्यातल्या तुकड्यांची जागा बदलणं हे नेमकं रेग्युलर एक्स्प्रेशनचं काम. एरवी ॲपलस्क्रिप्टला ते झेपलंच नसतं.

तारखांचंही तसंच. ‘एनएसडेटफॉर्मॅटर’ला मराठी भाषा आणि भारत देश सांगितला, की तो महिन्याचं नाव मराठीत आणि आकडे देवनागरीत देतो. ‘एनएसनंबरफॉर्मॅटर’ लाख-कोटींच्या पद्धतीनं स्वल्पविराम घालतो. ही माहिती स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला गोळा करावी लागत नाही, ती व्यवस्थेत आधीच आहे.

पण याच ठिकाणी उसनवारीची किंमतही कळते. ‘एनएसस्ट्रिंग’ला ‘पुणे’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर चार येतं, कारण तो युनिकोडची साठवणीची एककं मोजतो. उकार आणि मात्रा त्याच्या लेखी वेगळ्या. पहिला घटक कापून द्या म्हटलं, की हातात ‘पु’ न येता ‘प’ येतो. संपूर्ण अक्षराची सीमा सांगणारी सोय त्याच क्लासमध्ये आहे, पण ती मागून घ्यावी लागते. लायब्ररी नेमकं काय मोजते हे माहीत नसलेल्या माणसाच्या हातून मजकुराचे हातपाय तुटायला वेळ लागत नाही.

दोन भाषांचा सरहद्दीचा प्रदेश

ॲपलस्क्रिप्ट आणि कोको यांना जोडणाऱ्या या पुलावरच्या अडचणी बहुतेक अशाच असतात. भाषा बदलली की गृहीतं बदलतात. ॲपलस्क्रिप्ट यादी एकपासून मोजते, कोको शून्यापासून. ॲपलस्क्रिप्टचा मजकूर तिकडे आपोआप ‘एनएसस्ट्रिंग’ होतो. परत आणताना मात्र ‘ॲज टेक्स्ट’ असं स्पष्ट सांगावं लागतं. ते विसरलं तर हातात मजकुराऐवजी त्याच्याकडे बोट दाखवणारी वस्तू येते आणि तुलना चुकतात. तारखांची अशी देवाणघेवाण तर २०१५ च्या एल कॅपिटनपर्यंत आपोआप होतच नव्हती. ‘काउंट’, ‘लेंग्थ’ यांसारखे शब्द दोन्हीकडे असल्यामुळे ते उभ्या रेघांमध्ये कोंडून लिहावे लागतात. ऑब्जेक्टिव्ह-सीमधल्या ‘ब्लॉक’ या सोयीवर आधारलेल्या पद्धती तर पुलावरून येतच नाहीत, आणि नव्या लायब्रऱ्यांत अशाच पद्धती जास्त.

आणि रूपही बदलतं. ‘फाइंडर, हे कर’ असं सांगणाऱ्या भाषेत ‘स्ट्रिंगबायरिप्लेसिंगऑकरन्सेसऑफस्ट्रिंग’ असलं एक नाव शिरलं, की ओळ मोठ्यानं वाचून दाखवण्यासारखी राहत नाही. ॲपलस्क्रिप्टचा मूळ करार होता, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला स्क्रिप्ट वाचून अर्थ लागावा. बळ आलं, पण हा करार मोडला.

पॉवरशेलचा धडा

विंडोजवर हीच गोष्ट दुसऱ्या क्रमानं घडली. १९९६ च्या व्हीबीस्क्रिप्टमधून ‘क्रिएटऑब्जेक्ट’ म्हणून ‘कॉम’ या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेतले तयार घटक बोलावता येत. फायली हाताळणारा घटक त्यांत सर्वांच्या ओळखीचा. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या विषाणूनं जगभर धुमाकूळ घातला. तो व्हीबीस्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता आणि याच घटकांच्या जोरावर फायली पुसत, आउटलुकमधून पुढे पसरत होता. साध्या माणसासाठी उघडलेल्या दारातून कोणीही आत येतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं.

जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ साली नव्या शेलची कल्पना मांडली आणि २००६ साली पॉवरशेल आली. ही भाषा पहिल्या दिवसापासून डॉटनेटच्या क्लास लायब्ररीवरच उभी होती. तिच्या पाइपमधून मजकुराऐवजी डॉटनेटच्या वस्तू वाहतात. चौकोनी कंसात क्लासचं नाव लिहिलं, की दार उघडं. पूल वेगळा बांधावा लागला नाही, म्हणून तिथं रूपाचा तुटकपणा कमी जाणवतो. तरी अनोळखी गृहीतं इथंही आहेतच. डॉटनेटच्या गणिताच्या क्लासला अडीच हा आकडा पूर्णांकात आणायला सांगितला तर उत्तर दोन येतं, कारण तो बरोबर मधल्या संख्येला जवळच्या सम संख्येकडे नेतो. हिशेब करणाऱ्यानं हे आधीच समजून घ्यायला हवं. आणि व्हीबीस्क्रिप्टचा अनुभव गाठीशी असल्यानं मायक्रोसॉफ्टनं इथं ‘मर्यादित भाषा’ अशी एक अवस्था ठेवली. तिच्यात बहुतेक क्लासांची दारं बंद राहतात. २०१६ मध्ये पॉवरशेल मुक्त स्रोत झाली आणि लिनक्स, मॅकवरही पोचली. व्हीबीस्क्रिप्ट निवृत्तीच्या वाटेवर असल्याचं मायक्रोसॉफ्टनं २०२३ साली जाहीर केलं.

टिकतं काय?

कोकोपर्यंत जाणारे पूल इतरही झाले. पायथनसाठी पायऑब्जसी आणि रुबीसाठी रुबीकोको हे दोन्ही लेपर्डसोबत मिळत होते. रुबीकोको आणि तिच्यामागून आलेली मॅकरुबी मागे पडल्या. व्यवस्थेसोबत येणारं पायथन २०२२ साली मॅकओएस १२.३ मधून काढून टाकलं गेलं, पण पायऑब्जसी वेगळं बसवून आजही चालतं. योसेमिटीनं जावास्क्रिप्टलाही असाच पूल दिला. तिकडचे क्लास डॉलरच्या चिन्हानं बोलावतात. २०१६ च्या अखेरीस ॲपलनं स्वयंचलनाच्या तंत्रांचे उत्पादन व्यवस्थापक साल सोघोइयन यांचं पदच रद्द केलं आणि २०२१ मध्ये मॅकवर शॉर्टकट्स हे स्वयंचलनाचं नवं साधन आलं. ॲपलस्क्रिप्ट चालते आहे, पण तिच्यात नवं काही येत नाही.

या यादीतून एक गोष्ट दिसते. छोट्या भाषा येतात आणि जातात, त्यांचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर असतं. फाउंडेशन आणि डॉटनेट मात्र त्यांच्या मालकांना स्वतःसाठीच लागतात, म्हणून ती टिकतात. ‘एनएसस्ट्रिंग’ला जे सांगता येतं, तेच ॲपलस्क्रिप्टमधून, जावास्क्रिप्टमधून, पायथनमधून आणि ॲपलच्या स्विफ्ट या भाषेतूनही सांगता येतं. मजकूर कसा मोजला जातो, तारीख आणि प्रदेश यांचं नातं कसं असतं, ही समज एका पुलावरून मिळवली तरी दुसऱ्यावर उपयोगी पडते.

म्हणून स्क्रिप्ट लिहिताना पुलापलीकडचं काम वेगळ्या छोट्या हँडलरांत, म्हणजे नाव दिलेल्या आज्ञांच्या गठ्ठ्यांत, बांधून ठेवावं आणि वरची वाक्यं वाचता येतील अशीच राहू द्यावीत. उद्या भाषा बदलली तर तेवढे हँडलर नव्यानं लिहिले की भागतं. आणि शिकायला वेळ थोडा असेल, तर भाषेच्या बारकाव्यांआधी दहा-बारा क्लास नीट शिकावेत. या सगळ्या उसनवारीत परत मागितलं न जाणारं तेवढंच आहे.