शहात्तर आणि सत्त्याहत्तरच्या मध्ये

बुलढाणा जिल्ह्यात कपाशी निंदताना पायाला खुरपं लागलं, की घरची माणसं आधी 'टीटी'च्या इंजेक्शनला पाठवतात. ते योग्यच आहे. शेणखत घातलेल्या मातीत धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. खोल जखमेत हवा पोचली नाही, की ते जागे होतात आणि विष सोडतात. हे विष इतकं जहाल, की शरीराच्या दर किलोमागे ग्रॅमचे काही अब्जांश पुरतात. आजारातून वाचलेल्यालाही लस घ्यावीच लागते, कारण एवढ्याशा विषाची प्रतिकारशक्ती नोंदच घेत नाही.

ते नेमकं करतं काय? मज्जातंतूच्या टोकाशी निरोपाची रसायनं भरलेल्या पुटिका असतात, जेमतेम 40 नॅनोमीटरच्या. त्यांच्या पटलावर सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन रोवलेलं असतं, अवघ्या 116 अमिनो आम्लांचं. पेशीच्या भिंतीवरच्या दोन प्रथिनांशी ते पीळ घालतं. त्यातलं एक दोन पदर देतं, म्हणून चारपदरी दोर वळला जातो. पीळ घट्ट होताच पुटिका भिंतीला भिडते, उघडते आणि निरोप बाहेर पडतो. कॅल्शियम आत शिरल्यावर हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकू शकतं! पेशीतल्या या वाहतुकीचा उलगडा करणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि स्युडहॉफ यांना 2013 चं नोबेल मिळालं.

विष हे प्रथिन 76 व्या आणि 77 व्या अमिनो आम्लांच्या मधोमध कापतं, दुसरीकडे कुठेही नाही. इटलीतल्या शियावो, मोंटेकुक्को आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये हे दाखवलं. मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे: बोटुलिनम या जिवाणूचं 'बी' विषही तिथेच घाव घालतं, पण त्याने माणूस लुळा पडतो, तर धनुर्वाताने ताठरतो. कारण पहिलं विष स्नायूजवळच्या मज्जातंतूत थांबतं. दुसरं मज्जारज्जूपर्यंत चढून स्नायूंना आवर घालणाऱ्या पेशींचा निरोप तोडतं.

आता हेच मानवी प्रथिन प्रयोगशाळेत जिवाणूकडून बनवून घेतात. त्याचं जनुक ई. कोलायमध्ये घालायचं, बहुधा पटलात रुतणारं शेपूट वगळून, म्हणजे प्रथिन पाण्यात विरघळतं. धनुर्वाताची लस म्हणजे फॉर्मालिनने निकामी केलेलं विषच. ते खरंच निकामी झालंय का, हे गिनीपिगना टोचून कित्येक दिवस पाहावं लागे. त्याला पर्याय म्हणून जर्मनीच्या पॉल एर्लिश संस्थेतल्या संशोधकांनी या प्रथिनावर चाचणी बेतली. विष शिल्लक असेल, तर प्रथिन त्याच जागी तुटतं आणि तो तुकडा मोजता येतो.