अंगातली दवंडी

फ्लूनं अंग फणफणलं म्हणजे गुडघे का ठणकतात, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का, मंडळी? कारण फ्लूचा विषाणू सहसा गुडघ्यापर्यंत पोचतच नाही; तो ठाण मांडून बसलेला असतो नाकाघशात, फार तर फुफ्फुसांच्या अस्तरात, आणि इकडे पाठ मोडून येते, पिंढऱ्या ठणकतात, अन्नावरची वासना उडते आणि ऐन वैशाखात माणूस दोन गोधड्या पांघरून कुडकुडत पडतो. माझी आजी म्हणायची, ताप बाहेरून येत नाही, अंगच तो काढतं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण बोलली ते अगदी खरं. ज्यांना फ्लू झालेलाच नव्हता अशा रुग्णांना पुढं डॉक्टरांनी दुसऱ्याच आजारासाठी इंटरफेरॉन नावाच्या पदार्थाची सुई टोचली, तेव्हा काही तासांतच त्यांना थंडी वाजून ताप भरला, सांधे धरले, डोकं दुखायला लागलं, सगळा फ्लू जसाच्या तसा. आणि हा पदार्थ तर आपल्याच पेशी तयार करतात!

आमच्या लहानपणी गावात कोतवाल हलगी वाजवत दवंडी पिटायचा. ‘ऐका हो ऐका’ म्हणत चावडीपासून निघाला की वेशीपर्यंत जायचा, आणि गंमत अशी की ऐकायचे सगळे, पण उठायचा तोच, ज्याच्या कामाचं असेल तो. उद्या पाटाला पाणी सुटणार म्हटलं की मळेकरी खोरं शोधायला लागायचा, आणि सुतार आपला रंधा मारत राहायचा. अंगातली अशी दवंडी म्हणजे सायटोकाइन. करोनाच्या दिवसांत ‘सायटोकाइनचं वादळ’ हे शब्द घराघरांत पोचले, आणि टोसिलिझुमॅब नावाच्या इंजेक्शनसाठी लोक रात्री-अपरात्री औषधांची दुकानं पालथी घालत होते. त्या इंजेक्शनापाशी आपण पुढं येऊच.

एखाद्या पेशीला घुसखोराचा सुगावा लागला की ती ही इवलीशी प्रथिनं बाहेर सोडते. इवलीशी म्हणजे किती, तर इंटरल्यूकिन-६ नावाचं त्यातलं एक घ्या. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात ते जेमतेम काही पिकोग्रॅम असतं, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा मालावर सगळं अंग हलतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणून जागा आहे, तिथवर ही हाक गेली की प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि अंगानं किती गरम राहायचं याचा ठरलेला आकडाच वर सरकतो. मग ३७ अंश तापमान असूनही मेंदूला वाटतं की आपण गारठलोय, आणि म्हणून वैशाखात गोधडी.

ही हाक आहे हे पहिल्यांदा कसं कळलं, त्याचीही गोष्ट आहे. १९५७ साली लंडनजवळच्या मिल हिलच्या संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स हे स्कॉटिश शास्त्रज्ञ आणि ज्याँ लिंडेनमान हे स्विस शास्त्रज्ञ कोंबडीच्या अंड्यातल्या पातळ पापुद्र्याचे तुकडे घेऊन बसले होते. त्यांनी फ्लूचे विषाणू उष्णतेनं निकामी केले, त्यांच्यासोबत पापुद्रा ठेवला, आणि मग भोवतालचं नुसतं पाणी काढून नव्या पापुद्र्यावर घातलं. त्या नव्या पापुद्र्यावर जिवंत विषाणू सोडले तर ते वाढेनात! पहिल्या पापुद्र्यानं त्या पाण्यात काहीतरी सांगून ठेवलं होतं. त्या ‘काहीतरी’ला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं. पेशीनं हे ऐकलं म्हणजे आत काय होतं, ते उलगडायला मात्र आणखी तीसेक वर्षं गेली. जेम्स डार्नेल, जॉर्ज स्टार्क आणि इयन कर यांच्या चमूंनी ते दाखवलं: पेशीच्या कातडीवर त्या हाकेपुरता एक ग्राहक असतो, त्याला चिकटून आतल्या बाजूला जॅक नावाची प्रथिनं असतात, हाक लागली की जॅक जागं होतं, स्टॅट नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटची खूण करतं, आणि ते खूण झालेलं स्टॅट तडक पेशीच्या केंद्रकात शिरून हवी ती जनुकं चालू करतं. सगळा मामला काही मिनिटांचा.

ही हाक कर्करोगावर कशी कामी आली, ते दाखवायला आता मला तुम्हाला खरं तर न्यूयॉर्कला न्यायचंय, १८९०च्या सुमाराला. विल्यम कोली हे अठ्ठावीस वर्षांचे डॉक्टर. त्यांच्याकडे बेसी नावाची सतरा वर्षांची पोर आली. हाताला साधी दुखापत झाली होती, सूज उतरेना, आणि निघाला हाडाचा कर्करोग. हात कापला, तरी १८९१च्या जानेवारीत ती गेली. डॉक्टर हळहळतात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात, तसं वळावंच लागतं. पण कोलींच्या मनातून ती पोर जाईना. त्यांनी रुग्णालयाची जुनी दप्तरं उपसली, आणि त्यात त्यांना एका जर्मन स्थलांतरिताची नोंद सापडली, स्टाइन नावाच्या. मानेवर गाठ, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा पुन्हा उगवणारी, डॉक्टरांनी आशा सोडलेली. त्यात त्या जखमेत विसर्प झाला. आपल्याकडची जुनी माणसं याला धावरं म्हणत; कातडी लालभडक होऊन पसरत जाते आणि ताप असा चढतो की माणूस बरळायला लागतो. तर या स्टाइनला ताप चढला, आणि प्रत्येक तापागणिक गाठ विरत गेली, विरत विरत नाहीशी झाली, आणि तो आपल्या पायांनी घरी गेला. कोलींनी काय करावं? सात वर्षांपूर्वीचा तो माणूस शोधायला ते गरीब वस्तीतल्या चाळींचे जिने चढत-उतरत फिरले, दारोदार विचारत. आणि तो सापडला, धडधाकट, मानेवर मोठा वण घेऊन.

मग कोलींनी जे केलं ते आज कुणी करू देणार नाही. झोला नावाच्या एका इटालियन माणसाच्या घशात एवढी गाठ होती की त्याला घास गिळता येत नव्हता. त्याला त्यांनी मुद्दाम विसर्पाचे जंतू टोचले. महिनोन् महिने पाहिजे तसा ताप चढेना. शेवटी जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून जहाल जंतू आणवले, तेव्हा झोला मरता मरता वाचला, त्याची गाठ विरघळली, आणि पुढं तो आठेक वर्षं जगला. जिवंत जंतूंचा धोका पाहून कोली पुढं मेलेले जंतू टोचू लागले. काही गाठी विरल्या, पुष्कळ विरल्या नाहीत, कारण सांगता येईना, तेवढ्यात किरणोपचार आले आणि १९३६मध्ये कोली वारले तेव्हा त्यांची ती लस जवळपास अडगळीत गेली होती. त्यांच्या लेकीनं, हेलननं, बापाची जुनी टिपणं घेऊन वर्षानुवर्षं एकेका रुग्णाचा माग काढला आणि १९५३ साली कर्करोग संशोधनासाठी एक संस्थाच उभी केली. मला या सगळ्या गोष्टीत ही लेक फार मोठी वाटते.

त्याच संस्थेचं शास्त्रीय काम पुढं लॉइड ओल्ड यांच्याकडे आलं. १९७५ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आधी बीसीजी दिली, मग जंतूंचं विष टोचलं आणि त्यांच्या रक्तातलं पाणी गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिलं. गाठी काळ्या पडून मेल्या. जंतूंनी गाठ मारलीच नव्हती! जंतू पाहून अंगानं जी दवंडी पिटली, तिनं मारली होती. तिला नाव पडलं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे आपलं टीएनएफ. आणि बीसीजी म्हणजे तीच हं, जिचा वण तुमच्या-माझ्या डाव्या दंडावर आहे. कॅनडातल्या अल्व्हारो मोरालेस यांनी १९७६ साली दाखवलं की ती मूत्राशयात सोडली तर तिथला वरवरचा कर्करोग परत उगवायचं प्रमाण कमी होतं, आणि आजही तो उपचार जगभर चालतो. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही त्यासाठी वेगळी बीसीजी बनवते.

टीएनएफ हाती आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, सापडला रामबाण. पण त्याच काळात न्यूयॉर्कमध्येच अँथनी सेरामी वेगळ्याच कोड्यामागं होते. आफ्रिकेतल्या गुरांना त्से-त्से माशीमुळं एक रोग होतो. रक्तात परजीवी मोजके, पण जनावर असं खंगतं की बरगड्या मोजून घ्याव्यात. एवढ्याशा परजीवींनी एवढा बैल कसा वाळतो? सेरामी आणि ब्रूस ब्यूटलर यांनी १९८५ साली त्या खंगवणाऱ्या पदार्थाची रचना तपासली, तर तो निघाला टीएनएफ. गाठ मारणारा आणि बैल वाळवणारा एकच! कर्करोगाच्या रुग्णांना ते टोचून पाहिलं तर रक्तदाब कोसळायचा, आणि कामापुरता डोस पोचायच्या आधीच माणूस अत्यवस्थ व्हायचा. मग लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियान्याचे रविंदर मैनी यांनी उलटा विचार केला. संधिवातात हीच हाक सांध्यात अखंड चाललेली असते, तर तिला गप्प करून पाहू. १९९२ साली तशी औषधं रुग्णांना दिली, आणि जे जिना चढू शकत नव्हते ते चढायला लागले.

कर्करोग तर याहून बेरकी. तो स्वतःच दवंडी पिटतो. टीजीएफ-बीटा नावाचं सायटोकाइन सोडून तो टी-पेशी नावाच्या अंगातल्या मारेकरी पेशींना सांगतो, इथं काही नाही, घरी जा. इंटरल्यूकिन-६ सोडून स्वतःच्याच पेशींना सांगतो, वाढा. आणि २००५ साली एक असा प्रकार उजेडात आला की मी तो वाचताना खुर्चीत सरसावून बसलो: रक्तात तांबड्या पेशी बेसुमार वाढायचा एक रोग आहे, त्यातल्या बहुतेक सगळ्या रुग्णांत जॅक-२ नावाच्या प्रथिनातलं ६१७व्या जागचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, आणि तेवढ्यानं ते कायमचं चालू राहतं. कोतवाल घरी झोपलेला, हलगी खुंटीला, आणि मळेकरी खोरं घेऊन धावतोय!

इकडे अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी टी-पेशींना वाढवणारं इंटरल्यूकिन-२ हाती घेतलं. १९६८ साली, शिकाऊ शल्यविशारद असताना, त्यांच्यापुढं पित्ताशयाच्या दुखण्याचा एक माणूस आला होता. बारा वर्षांपूर्वी त्याच्या पोटाचा कर्करोग यकृतात पसरलेला म्हणून शस्त्रक्रिया अर्धवट सोडून त्याला घरी पाठवलं होतं, आणि आता पोट उघडलं तर कर्करोगाचा मागमूस नाही. ते कोडं त्यांना सोडेना. पुढं रुग्णामागून रुग्ण दगावले, तरी त्यांनी इंटरल्यूकिन-२ सोडलं नाही, आणि १९८४ साली त्वचेचा कर्करोग सगळीकडे पसरलेली नौदलातली एक तरुण बाई त्यानं पूर्ण बरी झाली. १९९२ साली मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. फायदा मोजक्यांना व्हायचा, आणि रक्तवाहिन्या पाझरायला लागून रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागायचं; पण ज्यांच्या गाठी पूर्ण गेल्या, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या परत आल्या नाहीत.

आता त्या इंजेक्शनाकडे येऊ. २०१२ साली फिलाडेल्फियात एमिली नावाच्या सहा वर्षांच्या पोरीला रक्ताच्या कर्करोगासाठी तिच्याच टी-पेशी बदलून परत दिल्या. पेशींनी कर्करोगावर हल्ला चढवला, आणि हाकांचा एवढा गलका झाला, म्हणजे तेच सायटोकाइनचं वादळ, की पोर व्हेंटिलेटरवर गेली. रक्त तपासलं तर इंटरल्यूकिन-६ हजारपट. योग असा, की त्या उपचारामागचे शास्त्रज्ञ कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला लहानपणचा संधिवात होता, त्यामुळं जपानच्या किशिमोतो यांच्या इंटरल्यूकिन-६वरच्या कामातून निघालेलं टोसिलिझुमॅब त्यांना ठाऊक होतं. ते पेशीचा कान झाकतं, हाक कितीही होवो. काही तासांत ताप उतरला, आणि एमिलीनं डोळे उघडले ते तिच्या सातव्या वाढदिवशी. कर्करोग गेलेला होता, आणि आज ती शिकून मोठी झाली आहे.

टी-पेशी बदलून परत द्यायची तीच विद्या पवईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरिअल रुग्णालयात आपल्या माणसांनी स्वतःच्या अकलेनं उभी केली. नेक्सकार१९ नावाच्या त्या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली, आणि त्याची किंमत परदेशातल्या किमतीच्या साधारण दहावा हिस्सा होती. तो घडवतानाच सायटोकाइन कमी सुटावेत यावर लक्ष ठेवलं होतं. २०२५ साली छापून आलेल्या त्याच्या चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला, आणि जिवावर बेतणारं वादळ थोड्यांनाच झालं. आता जगभर खटपट चाललीय ती ही हाक फक्त गाठीपाशी उठावी, बाकी अंगाला ऐकू जाऊ नये याची: इंटरल्यूकिन-२च्या तोंडावर झाकण बसवायचं आणि गाठीभोवती जी विकरं असतात त्यांनीच ते कापावं, अशी औषधं रुग्णांवर तपासली जाताहेत.