टाकी आडवी की उभी?

गेवराईच्या एका शाळेत आठवीतल्या मुलीने विचारले, "सर, समुद्रघोडा घरी पाळायचा तर टाकी कोणत्या आकाराची घ्यायची?" समुद्रापासून इतक्या दूर, गोदाकाठच्या तालुक्यात हा प्रश्न ऐकून वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र मोलाचा होता. टाकीचा आकार दिवाणखान्याच्या शोभेवर ठरवायचा, की आत राहणाऱ्या जिवावर?

आधी ओळखीचे गप्पी मासे घेऊ. समजा, आपल्याकडे ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या दोन टाक्या आहेत. एक आडवी, एक उभी. काठोकाठ भरल्या तर दोन्हींत ५४ लिटरच पाणी मावते. पण आडवीत पाण्याचा पृष्ठभाग १८०० चौरस सेंटिमीटर, तर उभीत फक्त ९००.

मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो आणि तो पाण्यात शिरतो मुख्यतः पृष्ठभागातून. स्थिर पाण्यात तो खाली पसरतोही फार हळू, हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट हळू. पंपाचे बुडबुडे तळचे पाणी वर आणून पृष्ठभाग ढवळतात. त्यांचे मोठे काम हेच. वीज गेली, पंप थांबला, की उभ्या टाकीतले मासे आधी अडचणीत येतात. उन्हाळ्यात संकट दुप्पट. २० अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले तर ती भूक समजू नका. बहुधा त्यांचा श्वास कोंडतो आहे.

काचेचा गोल चंबू तर फसवाच. ३० सेंटिमीटर व्यासाचा चंबू निम्मा भरला तर पाणी ७ लिटर आणि पृष्ठभाग सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर. २५ सेंटिमीटर उंचीपर्यंत भरला तर पाणी १३ लिटर, पण पृष्ठभाग ४०० सुद्धा नाही!

मग समुद्रघोड्याला उभी टाकी का लागते? तो उभ्यानेच पोहतो. पाठीवरचा इवलासा पर सेकंदाला सुमारे ३५ वेळा हलवत तो जेमतेम पुढे सरकतो आणि एरवी शेपटीने गवताला धरून राहतो. आडव्या धावपट्टीचा त्याला उपयोग नाही. विणीच्या वेळी मात्र नर-मादी जोडीने पाण्यात वर चढतात आणि मादी नराच्या पोटावरील पिशवीत अंडी सोडते. पाणी उथळ असेल तर ही देवघेव बिघडू शकते. म्हणून टाकीची उंची प्राण्याच्या लांबीच्या निदान तिप्पट ठेवतात. आपल्या किनाऱ्यावरचा पिवळा समुद्रघोडा सुमारे १७ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. म्हणजे पाणी अर्धा मीटर खोल हवे.

या उंचीची किंमत मोजावी लागते. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन आणखी कमी विरघळतो, ३० अंशांना लिटरमागे सव्वासहा मिलिग्रॅमच्या आसपास; म्हणजे पंप थांबून चालत नाही. शिवाय काचेवरचा रेटा वाढतो. आपल्या टाकीची ६० × ३० ची बाजूची काच घ्या. आडव्या टाकीत पाण्याची सरासरी खोली १५ सेंटिमीटर, म्हणून रेटा १५ × १८०० = २७,००० ग्रॅम, म्हणजे २७ किलोग्रॅम वजनाइतका. तीच काच उभी केली की ५४! म्हणून उंच टाकीला जाड काच लागते.

त्या मुलीला एवढे सांगून झाल्यावर उरलेली गोष्टही सांगितली. बेसुमार पकडीमुळे समुद्रघोडे संकटात आले, म्हणून २००१ साली त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घातले गेले. आपल्या समुद्रातून पकडलेला समुद्रघोडा विकत घेऊन पाळणे हा गुन्हा आहे. बंदिस्त टाक्यांत त्यांची पैदास करण्याचे संशोधन गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झाले आहे. ते काम प्रयोगशाळेचे, घरचे नव्हे.

ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "आमच्या शाळेतले मासे गोल चंबूत आहेत, सर."

तुमच्या शाळेत काय आहे? वर्गाला मोजपट्टी द्या, पृष्ठभाग आणि पाणी मोजून घ्या. पाणी थोडे कमी केल्याने चंबूचा पृष्ठभाग वाढतो का, हे मुलांनाच काढू द्या.