फॉर्म भरण्याआधी एक महिना बाळांत घालवा

आमच्या वस्तीतील एक मुलगी नर्सिंगला गेली आणि तीन महिन्यांत परत आली. वडील रोजंदारीवर, फीसाठी आईने कानातले गहाण ठेवले होते. मुलगी हुशार होती. पण रुग्णाची घाण काढणे, रात्र जागणे तिला झेपले नाही. दोष तिचा नव्हता. फॉर्म मीच भरून दिला होता. हे काम कसे असते ते आधी दाखवले मात्र नव्हते. ती बोच आजही आहे.

बारावीनंतर एएनएम दोन वर्षे, जीएनएम तीन वर्षे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षे. एवढा खर्च करण्याआधी पालकांनी मुलीला एक महिना तान्ह्या बाळांत काम करू द्यावे. याचे प्रवेशाला गुण मिळत नाहीत. पण बोलता न येणाऱ्या जिवाचे दुखणे ओळखणे हाच परिचारिकेचा पहिला धडा आहे.

सुरुवात अंगणवाडीपासून करावी. सेविकाताईंना विचारून वजनाच्या दिवशी मदतीला बसावे. नोंदी कराव्यात. सहा महिन्यांपुढील बाळाचा दंडघेर ११.५ सें.मी.पेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, हे तिथेच कळते. दवाखान्यात बाळंतपण झाले की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरच्यांची परवानगी असेल तर त्यांच्याबरोबर जावे. श्वास मोजायला शिकावे. दोन महिन्यांच्या आतील बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावे. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजावे. तेवढेच आले तर लगेच दवाखाना गाठावा.

हे काम लहान समजू नये. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तेथील नवजात बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या बायका काही डॉक्टर नव्हत्या.

काही पथ्ये पाळावीत. साबणाने हात धुतल्याशिवाय बाळाला हात लावू नये. सर्दी-ताप असेल तर घरीच थांबावे. स्वतःच्या मनाने औषध, मध, घुटी देऊ नये. सहा महिने फक्त आईचे दूध. घरातील गोष्ट बाहेर बोलू नये.

महिन्याने मुलीला मोकळेपणी विचारा. ती नको म्हणाली तर रागावू नका. फी वाचली आणि तिची वर्षेही वाचली. यंदा आमच्याकडील दुसरी मुलगी महिनाभर अंगणवाडीत गेली. परवा धावत येऊन म्हणाली, “काका, त्या बारक्या बाळाचं वजन वाढलं!” तिचा फॉर्म मी निर्धास्तपणे भरला.