अपघातापूर्वीची चौकशी : रासायनिक कारखान्यांतील धोक्यांचा सामूहिक शोध

कारखान्यात अपघात झाला की चौकशी होते, कारणे शोधली जातात आणि अहवाल सादर होतो. हीच चौकशी अपघातापूर्वी, किंबहुना कारखाना उभा राहण्यापूर्वी, नकाशावरच करता येते. ‘हॅझॉप’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत हेच कार्य करते. ब्रिटनमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत १९६० च्या दशकात ती विकसित झाली. कंपनीचे सुरक्षा सल्लागार ट्रेव्हर क्लेट्झ यांनी तिचा जगभर प्रसार केला.

फ्लिक्सबरोचा धडा

अशा अभ्यासाची निकड १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे दिसून आली. तेथील कारखान्यात एका ओळीत सहा रिअॅक्टर होते. पाचव्यास तडा गेल्याने तो काढून चौथा व सहावा रिअॅक्टर तात्पुरत्या नळाने जोडण्यात आला. या जोडणीचे रेखाटन कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने केलेले होते. नळावर येणाऱ्या ताणाचा रीतसर हिशेब झाला नव्हता. नळ निकामी झाला, सायक्लोहेक्झेनचे ढग पसरून स्फोट झाला आणि २८ कामगार मृत्युमुखी पडले.

प्रश्न विचारण्याची शिस्त

या पद्धतीत एकट्या तज्ज्ञाच्या अनुभवावर विसंबून न राहता एक गट बसविला जातो. त्यात संरचना करणारा अभियंता, देखभाल व उपकरणे यांचे जाणकार, प्रत्यक्ष यंत्र चालविणारा कर्मचारी, नोंदलेखक आणि शक्यतो त्या प्रकल्पाबाहेरचा गटप्रमुख असतो. नकाशाचे लहान भाग पाडून प्रत्येक भागाचे अपेक्षित कार्य प्रथम निश्चित केले जाते. नंतर प्रवाह, दाब, तापमान, पातळी यांना ‘नाही’, ‘अधिक’, ‘कमी’, ‘उलट’, ‘भलतेच’ असे मार्गदर्शक शब्द क्रमाने लावले जातात.

उदाहरणार्थ, उष्णता निर्माण करणाऱ्या रिअॅक्टरला थंड पाणी पुरविणारा नळ घेऊ. ‘प्रवाह नाही’ असे म्हणताच कारणे पुढे येतात : पंप बंद पडणे, गाळणी तुंबणे, झडप चुकून मिटलेली राहणे. परिणाम म्हणजे तापमान व दाब वाढून स्फोटाचा संभव. मग उपलब्ध संरक्षण कोणते, हे पाहिले जाते. तापमान वाढल्यास घंटा वाजेल, असे एखादा सभासद सांगतो. परंतु पाण्याचे नियंत्रण आणि घंटा ही दोन्ही एकाच तापमापकावर अवलंबून असतील, तर तो बिघडताच दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून घंटेसाठी स्वतंत्र तापमापक बसवावा, अशी शिफारस नोंदविली जाते आणि तिची जबाबदारी व मुदतही ठरते.

अभ्यास कागदावरच राहिला, तर त्याचा उपयोग नाही. प्रत्येक फेरबदलापूर्वी, मग तो तात्पुरता असला तरी, अभ्यास पुन्हा करावा लागतो. जुने नकाशे प्रत्यक्ष जोडणीशी जुळत नसतील किंवा यंत्र चालविणारा कर्मचारी गटात नसेल, तर निष्कर्ष फसवे ठरतात.

कारखान्याच्या कुंपणाबाहेर

भोपाळ येथे २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू वस्तीत शिरला, तेव्हा तो कोणता आणि काय करावे, हे रहिवाशांना ठाऊक नव्हते. त्यानंतर केंद्र शासनाने १९८९ मध्ये धोकादायक रसायनांविषयी नियम केले. ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक अशी रसायने बाळगणाऱ्या कारखान्याने संभाव्य धोका, सुरक्षेचे उपाय तसेच काय करावे व काय करू नये, याची माहिती परिसरातील नागरिकांना द्यावी, असे हे नियम सांगतात. कारखान्याबाहेरील आपत्कालीन योजनेची रंगीत तालीम वर्षातून किमान एकदा व्हावी, अशीही तरतूद त्यांत आहे.

तारापूर, रोहे, लोटे-परशुराम यांसारख्या औद्योगिक क्षेत्रांलगतच्या ग्रामपंचायतींना व शाळांना या तरतुदी विशेष उपयुक्त आहेत. धोक्याचा भोंगा कसा वाजतो, वाऱ्याची दिशा कशी ओळखावी आणि मुलांना कोठे न्यावे, हे ग्रामसभेने व शिक्षकांनी आधीच विचारून ठेवले पाहिजे. कारखान्यातील गट ‘असे झाले तर?’ हा प्रश्न नकाशासमोर विचारतो. तोच प्रश्न गावानेही कारखान्याला विचारावयास हवा.