सामना संपला, आता कोंडी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं अ‍ॅन आर्बर हे जेमतेम सव्वा लाख वस्तीचं विद्यापीठाचं शहर. तिथल्या मिशिगन स्टेडियमची क्षमता मात्र 1,07,601 प्रेक्षकांची! कॉलेज फुटबॉलच्या शनिवारी समोरच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारात, इतकंच काय, जवळच्या गोल्फच्या हिरवळीवरही गाड्या लागतात.

येताना गर्दी विभागली जाते. लोक सकाळपासूनच येतात, गाडीमागे शेगडी मांडून खातात-पितात. खरी कोंडी होते ती सुटताना. मोकळ्या रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला जास्तीत जास्त दोनेक हजार गाड्या जातात. वाटेत सिग्नल असले की साधारण निम्म्याच. म्हणजे तीस हजार गाड्या दहा मार्गिकांतून काढायला तीन तास हवेत.

म्हणूनच अशा सामन्यांनंतर काही रस्ते तात्पुरते एकेरी करतात आणि चौकाचौकांत पोलीस उभे राहतात. तिथे वाहतूक उजव्या बाजूने चालते. डावीकडे वळणारी गाडी समोरची रांग अडवते, म्हणून ती वळणंही बंद ठेवतात.

प्रेक्षकांच्या हातीही बरंच असतं. परतीच्या दिशेला, थोडी लांब गाडी लावावी आणि वीस मिनिटं चालावं. नाहीतर तासभर निवांत थांबून निघावं. सगळे एकदम निघाले, तर लवकर कुणीच पोहोचत नाही.